बाळू पालवणकर : दुसऱ्यांना बॉल टाकता टाकता घडलेला फिरकीपटू



आजचा पाठ क्रिकेटचा आहे. पण इतिहासाच्या तासाला चालेल, गणिताच्या तासालाही चालेल आणि पालक सभेत तर नक्कीच चालेल.

सुरुवात आमच्या शाळेच्या मैदानापासून करतो. परभणी जिल्ह्यात बहुतेक गावांचं मैदान काळ्या मातीचं असतं, तसंच आमचंही. पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल लागतो आणि एप्रिलमध्ये पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडतात. मधल्या सुट्टीत तिथं मोठी पोरं बॅटिंग करतात आणि सहावीतलं एक लेकरू त्यांना बॉल टाकत राहतं. डावखुरं आहे. लांब गेलेला बॉलही तेच पळत जाऊन आणतं. घंटा वाजेपर्यंत त्याचा बॅटिंगचा नंबर काही लागत नाही. पालक सभेला त्याचे वडील आले होते. बाकी कुणी मार्कांचं विचारत होतं, कुणी गणवेशाचं. यांनी मात्र विचारलं, की सर, ह्याला बॉल फिरवायचा नाद लागलाय, तर तुम्ही शिकवाल का?

खरं सांगतो, मला फिरकी टाकता येत नाही. मी वर्गात मराठी शिकवणारा माणूस. पण त्यांच्या प्रश्नानं मला बाळू पालवणकर आठवले. भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज. त्यांना फिरकी कुणी शिकवली, हे शोधायला बसलात तर तुमच्या हाती मोठं विचित्र उत्तर लागेल. ते उत्तर मला तुम्हाला सांगायचंय.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकातला, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, त्यावरून आडनाव पालवणकर. समाजानं चर्मकार. त्या काळात या समाजाला अस्पृश्य मानत, हे तुमच्या वर्गातल्या मुलांना माहीत असतं, पण पुस्तकातल्या एका ओळीइतकंच माहीत असतं. बाळूंच्या आयुष्यात ती ओळ पावलोपावली दिसते, म्हणून हा पाठ मुलांना सांगावासा वाटतो. (आणि एक गोष्ट मुलांना जरूर विचारा. क्रिकेटचा बॉल कशाचा असतो? चामड्याचा. चामड्याचं काम करणाऱ्यांना शिवायचं नाही, आणि त्याच चामड्याचा बॉल मात्र मांडीला घासून चमकवायचा. मुलं यावर बराच वेळ गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे.)

वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. तिथल्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी, झिजलेले बॉल घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही खेळाडू झाले. चौघे भाऊ एकाच घरातले, आणि चौघेही वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले. शिक्षण फार झालं नाही. घरात पैसा लागत होता, म्हणून बाळू पोरवयातच कामाला लागले.

काम कुठं मिळालं, तर पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर. मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. मधूनमधून सभासदांना सरावासाठी बॉलही टाकायचे.

इथं थोडं थांबू या. कारण माझ्या मते बाळूंचा पहिला धडा हा होता, आणि तो आपल्याकडून सहसा सुटतो. जो पोरगा रोज खेळपट्टी झाडतो, पाणी मारतो, रोलर ओढतो, त्याला माती कळते. कुठं ओल धरलीय, कुठं भुसभुशीत झालंय, कुठं बारीक भेग पडायला लागलीय, हे त्याच्या तळपायाला समजतं. फिरकी गोलंदाजाचं निम्मं भांडवल तेच असतं. आपल्या परभणीच्या शेतकऱ्याला विचारा. वापसा आलाय का नाही, हे तो ढेकूळ बोटात चुरून सांगतो, त्याला यंत्र लागत नाही. काळी माती दाबून घट्ट केली की बॉल सरळ आणि उंच येतो. तीच वाळून तडकली की बॉल टप्पा पडल्यावर कुठं वळेल याचा नेम नसतो. बाळूंनी ही विद्या झाडू हातात धरून मिळवली. नुसता मैदानात उतरून खेळणारा बाबू लोकांचा मुलगा ती मिळवू शकला नसता.

१८९२ च्या सुमाराला बाळू पूना क्लबमध्ये गेले. हा युरोपियनांचा क्लब. पगार आता ४ रुपये. कामं वाढली. खेळपट्टी तयार करायची, नेट लावायची, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या. तिथल्या ट्रॉस नावाच्या एका साहेबानं या पोराला नेटमध्ये गोलंदाजी करायला सांगितलं. बाळूंचा हात डावा. क्लबात कॅप्टन बार्टन नावाचे एक डावखुरे गोलंदाज होते, त्यांची बॉल टाकण्याची लय फार मोकळी होती. बाळूंनी त्यांना पाहून पाहून तीच लय उचलली असं सांगतात. शिकवणी नाही, तास नाही, पुस्तक नाही. रेघा मारता मारता बघितलं आणि उचललं.

आणि मग आले ग्रेग साहेब. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या वेळचे भारतातले अगदी पहिल्या फळीचे इंग्रज फलंदाज. लोक त्यांना लाडानं जंगली ग्रेग म्हणत. इंग्लंडात ते हॅम्पशायरकडून खेळले, आणि गंमत म्हणजे लष्करातून निवृत्त झाल्यावर कॅथलिक पाद्री झाले. तर हे ग्रेग साहेब इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचे आणि बाळूंना बॉल टाकायला लावायचे. असं सांगतात, की त्यांनी एक सौदा ठरवला होता: मला बाद केलंस की दर वेळी आठ आणे तुझे.

आता गणिताच्या तासाला या. सोळा आण्यांचा रुपया. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. बाळूंचा महिन्याचा पगार ४ रुपये. तर किती वेळा साहेबाला बाद केलं की एका महिन्याचा पगार सुटतो? आठ वेळा. आणि आठवड्यातून एकदा बाद केलं तर? महिन्याला २ रुपये, म्हणजे पगाराच्या निम्मे वर. पाचवीचं लेकरू हे गणित तोंडी करतं. पण त्याच लेकराला मग विचारा, की तू बाळूच्या जागी असतास तर घरी जाताना काय विचार केला असतास? आज साहेबानं तो बॉल कसा मारला, उद्या तोच बॉल जरा हळू सोडला तर? जरा उंच दिला तर? बोटं थोडी जास्त फिरवली तर?

मी शिक्षक म्हणून या तासाकडे बघतो तेव्हा मला त्यात शिकण्याच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी दिसतात. रोजचा सराव होता. समोरचा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी तयार होता. चूक झाली की त्याच क्षणी कळत होतं, कारण बॉल सीमेबाहेर जात होता. जमलं की तेही त्याच क्षणी कळत होतं, कारण दांडी उडत होती. आणि कुणी मधे बोलून गोंधळ घालत नव्हतं. आपण वर्गात मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षर गिरवून घेतो, तसं कुणी बाळूंचं मनगट धरलं नाही. त्यामुळे जे मनगट तयार झालं ते पूर्णपणे त्यांचं स्वतःचं झालं.

पण या तासातच एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. इतकी वर्षं नेटमध्ये राहून बाळूंना तिथं एकदाही बॅट हातात धरू दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, बॉल नोकरानं टाकायचा. हजारो बॉल टाकणारा हा माणूस नेटच्या त्या टोकाला कधी उभाच राहिला नाही. ग्रेग साहेबांची फलंदाजी ज्या हातानं धारदार केली, त्या हाताला आठ आणे मिळाले. आमच्या सहावीतल्या लेकराचं मी सुरुवातीला का सांगितलं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून बाळूंची गोष्ट नुसती मेहनतीचं फळ म्हणून मुलांना सांगू नका, मला ते अर्धवट वाटतं. त्यांच्या गोलंदाजीला पूना क्लबनं जागा दिली हे जितकं खरं, तितकंच फलंदाजीला दिली नाही हेही खरं.

आता ते वडील विचारत होते त्याकडे येऊ. बॉल फिरवायचा म्हणजे नेमकं काय? बाळूंची शैली म्हणजे आज ज्याला आपण डावखुरी फिरकी म्हणतो ती. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं, जरा फाकवून ठेवायचं. अनामिका खाली आधाराला. सोडताना जोर तर्जनीचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण आपण ज्या झटक्यानं फिरवतो, साधारण तशी बोटं आणि मनगट फिरतं. टप्पा पडला की बॉल उजव्या फलंदाजापासून दूर, स्लिपकडे जातो. बॉल वर उडवून दिला तर फिरकीमुळे तो हवेत शेवटी झटकन खाली बसतो, आणि पुढं आलेला फलंदाज फसतो. बाळूंना दोन्हीकडे बॉल वळवता यायचा, वेग बदलता यायचा आणि टप्पा तर ठरवून टाकल्यासारखा पडायचा. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स या नामांकित डावखुऱ्या गोलंदाजाशी लोक त्यांची तुलना करत.

मुलांना सुरुवात करून देताना एक सोपी गोष्ट करा. टेनिस बॉलच्या निम्म्या भागाला रंगीत चिकटपट्टी लावा. मग बॉल हवेत फिरतोय की नुसता जातोय हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. खेळपट्टी असते २२ यार्डांची, म्हणजे २० मीटरच्या थोडी वर. दहा वर्षांच्या लेकराला ती फार लांब पडते, म्हणून त्याला निम्म्या अंतरावरून टाकू द्या. आणि पहिले काही दिवस बॉल कुठंही जाऊ दे, ओरडू नका. आधी फिरू द्या. वाइड गेला म्हणून लेकरू ओरडा खातं, मग ते बॉल सरळ ठेवायच्या नादात बोटं फिरवायचंच सोडतं. टप्पा नंतर येतो.

आता शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही आलेत, त्यामुळे काही शिक्षकांना पिचरही तयार करावे लागतात. त्यांच्यासाठी एक इशारा. बेसबॉलमध्ये बॉल जमिनीवर टप्पा घेत नाही, तो पूर्ण हवेतच वळवावा लागतो. पिचर तो कोपर वाकवून, फेकून टाकतो. मोठ्या वळणाचा बॉल टाकायच्या नादात लहान मुलाच्या कोपरावर ताण येतो, आणि वाढत्या वयात ते हाड अजून कच्चं असतं. अमेरिकेत लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये एका दिवसात किती बॉल फेकायचे याची मर्यादाच घातलीय: ९-१० वर्षांच्या मुलाला ७५, ११-१२ वर्षांच्याला ८५. आधी सरळ बॉल आणि वेग बदलणं शिकवावं, वळणाचा बॉल उशिरा, असं तिथले जाणकार सांगतात. क्रिकेटच्या फिरकीत हात सरळ ठेवून बॉल टाकायचा असतो, कोपराला तो झटका बसत नाही. पण खांदा दुखतोय म्हणणाऱ्या लेकराला बसवायचं, हे दोन्हीकडे सारखंच. बाळूंच्या खांद्याचं पुढं काय झालं ते येईलच.

पुण्यातल्या हिंदू क्रिकेट क्लबला गोऱ्यांशी सामना खेळायचा होता. पूना क्लबात ग्रेगला बाद करणारा एक पोरगा आहे, हे सगळ्या पुण्याला माहीत झालेलं. मग वाद सुरू झाला. त्याला संघात घ्यायचं का? काही जण म्हणत होते घ्या, काही सनातनी मंडळी म्हणत होती शक्य नाही. शेवटी खुद्द ग्रेग साहेबानंच जाहीरपणे सांगितलं, की हा गोलंदाज सोडणं म्हणजे हिंदूंचा वेडेपणा ठरेल. आणि बाळू संघात आले.

मैदानावर आले, एवढंच. बॉल ते टाकणार, तोच बॉल ब्राह्मण क्षेत्ररक्षक हातानं उचलून परत देणार. पण चहाची वेळ झाली, की बाकी खेळाडू आत, आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात, वापरून टाकून द्यायच्या. जेवण वेगळ्या पानात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचं तर पाणीसुद्धा कुणीतरी अस्पृश्य नोकरानंच आणून द्यायचं, मैदानाच्या कोपऱ्यात. ही गोष्ट मुलांना सांगताना मी आवाज चढवत नाही. सावकाश सांगतो. मग बहुतेक वेळा एखादी मुलगीच विचारते, की सर, मग बॉल कसा चालला?

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून त्यांनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. रोलर म्हणजे बाळूंचा बालमित्रच की! त्यांनी ७ बळी घेतले. या काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी क्लबाच्या मंडळींना समजावलं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला काय हरकत आहे. त्यांनी बाळूंचा जाहीर सत्कारही केला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचं कौतुक केलं. वेगळ्या भांड्याचा नियम हळूहळू ढिला झाला.

१८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला, आणि बाळू मुंबईला गेले. तिथं परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळायचं ठरलं, पुन्हा काही सभासदांनी नाकं मुरडली, पुन्हा कर्णधार कीर्तिकरांनी जोर लावला आणि बाळू आत आले. पुढे बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या संघाकडूनही खेळले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. त्या काळी संघ असे धर्मावर, वंशावर बनत. आज ते वाचायला बरं वाटत नाही, पण त्या काळचं मोठं क्रिकेट तेच होतं. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ वर बाद. वजाबाकी मुलांना करू द्या. १०९ धावांनी विजय निघतो. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले. शिवरामही संघात होता. राज्यकर्त्या गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, आणि हरवलं ते घराबाहेर चहा पिणाऱ्या माणसाच्या हातानं. ही गोष्ट त्या वेळच्या वर्तमानपत्रांनाही टोचली. सुधारकांच्या एका पत्रानं हा सामाजिक सुधारणेचाच एक टप्पा आहे, अशा आशयाचं लिहिलं.

१९११ मध्ये अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. हे महाराज बहुतेक वेळ मेजवान्यांत आणि दरबारात होते, मैदानावर कमी. बाळूंचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास, आणि खांदा दुखरा. वर्षानुवर्षं नेटमध्ये आणि सामन्यांत टाकलेल्या बॉलचा हिशोब शरीर मागत होतं. तरी संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लेस्टरशायरवर मिळालेल्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. संघ मात्र २३ पैकी १५ सामने हरला. म्हणजे हरणाऱ्या संघात, दुखऱ्या खांद्यानं, अनोळखी थंड देशात, अनोळखी खेळपट्ट्यांवर हे बळी. त्या खेळपट्ट्या बाळूंनी रोलर फिरवून ओळखलेल्या नव्हत्या, हे मुलांना आठवण करून द्या. परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंबद्दल मोठा अभिमान वाटे.

आता कर्णधारपदाचं. मला वाटतं बाळूंच्या आयुष्यात सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट हीच असावी. वर्षामागून वर्षं हिंदू संघाचा सगळ्यात मोठा गोलंदाज तेच, अनुभवानंही सगळ्यांत वरचे, पण कर्णधार दुसराच. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या मुकुंदराव पैंनी स्वतःच सांगून टाकलं, की हा मान बाळूंचा होता. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळलं आणि कर्णधारपदासाठी विठ्ठललाही डावललं. तेव्हा भाऊ संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आमच्यावर अन्याय होतोय, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं. लोकांत गडबड झाली. मग तडजोड झाली, बाळूंना उपकर्णधार केलं, आणि पुढच्या सामन्यात पै मैदानाबाहेर जाऊन बसले, तेव्हा संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. पै बाहेर गेले ते मुद्दाम, असं मानतात. मला पैंचा हा भाग आवडतो. मुलांना यात कुणाची बाजू घ्यावीशी वाटते ते विचारा, वर्गात चांगला वाद होतो.

१९२३ मध्ये शेवटी विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. विठ्ठल हे फलंदाज होते, आणि फार चांगले फलंदाज. थोरल्या भावाला नेटमध्ये जे कधी मिळालं नाही, ते धाकट्याच्या हातात आलं होतं. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये मराठीत आपल्या खेळाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यामुळे या भावांबद्दल आपल्याला इतकं तरी माहीत आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते असायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात आले. इथं वर्गात एक अवघड प्रश्न येतो, तयारीत राहा. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ मध्ये मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. एके काळी ज्या तरुणाला बाळूंचा अभिमान वाटायचा, त्यानंच त्यांना हरवलं. मुलं विचारतात, मग चूक कोणाची? मी उत्तर देत नाही. दोघांनीही वेगळं भांडं पाहिलं होतं, त्यातून निघायचा रस्ता दोघांना वेगळा दिसला, एवढं सांगतो आणि दोन्ही बाजूंची कारणं फळ्यावर मांडतो.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं. प्रथम श्रेणीचे त्यांचे सामने अवघे ३३, बळी १७९, आणि एका बळीमागे दिलेल्या धावा सरासरी १५ च्या आसपास. फलंदाजीचा रकानाही बघा: ७५३ धावा. नेटमध्ये ज्यांच्या हातात कधी बॅट दिली नाही, त्यांच्या या धावा आहेत.

त्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं नाही, तेवढा वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी निम्म्या भागाला लाल चिकटपट्टी लावलेला टेनिस बॉल लेकराच्या हातात दिला, आणि मोठ्या पोरांना बोलावून मैदानाचा नियम बदलला. जो सहा बॉल टाकेल त्याला सहा बॉल खेळायला मिळतील. पोरं कुरकुरली. पहिल्या दिवशी लेकरू बॅट घेऊन उभं राहिलं, सहाच्या सहा बॉल हुकले. बॉल अजून वळत नाही त्याचा, पण लाल पट्टी हवेत फिरताना आता दिसायला लागलीय.